विमलबाईंनी विचारलं ते

सुगी आटोपली की तात्याबा धनगराची मेंढरं घाटनांदूरच्या शिवारात मोहनरावांच्या मोकळ्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं, तात्याबाच्या घराला धान्य. तात्याबाची बायको सत्यभामा पाण्याला म्हणून मोहनरावांच्या मळ्यातल्या घरी यायची, ती पदरानं नाकापर्यंत तोंड झाकूनच. तोंडाच्या कॅन्सरात तिच्या उजव्या जबड्याचं हाड गेलं होतं. छातीची कातडी गालाला लावून डॉक्टरांनी तिला वाचवलं, पण बोलणं बोबडं झालं. त्या दुखण्याला बरीच वर्षं उलटली, तरी त्याबद्दल ती कुणापाशी अवाक्षर काढत नसे. लोकही विचारत नसत. बघून न बघितल्यासारखं करत.

मोहनरावांच्या पत्नी विमलबाई मोठ्या घरच्या, पण तोंडभरून बोलणाऱ्या. मोहनराव सरपंच राहिलेले. घरी माणसांची सतत वर्दळ. त्या गर्दीतही विमलबाई सत्यभामेला बसवून घ्यायच्या, हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत.

यंदा मात्र त्या गप्प गप्प दिसल्या. चहा पार गार करून प्यायल्या. जेवताना शेंगदाण्याची चटणी बाजूला सारली आणि वरणात भिजवलेली भाकर एकाच बाजूनं चघळत राहिल्या. सत्यभामा त्यांच्याजवळ सरकली. ही लक्षणं तिच्या ओळखीची होती.

“बाई, तोंडात काय झालंय?”

विमलबाई आधी दात खुपतोय म्हणाल्या, मग उष्णता म्हणाल्या. सत्यभामा हलेना, तेव्हा त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि आ केला. गालाच्या आत, जिथं त्या रोज मिसरी धरायच्या तिथंच, पांढरा चट्टा होता आणि मधोमध लाल जखम.

सत्यभामेनं डॉक्टरकडं जायला सांगितलं. घरोघरी फिरणारी आरोग्य केंद्राची आशाताईही अशा चट्ट्यांबद्दल तेच सांगून गेली होती, विमलबाईंना ते ठाऊक नव्हतं असं नाही.

“हे काय हाय ते कळतंय मला,” त्या म्हणाल्या. “तुला बघितलंय की मी.”

ते शब्द सत्यभामेला लागले. उठून जावं असं तिला वाटलं. घागरही भरून झाली होती. पण विमलबाईंच्या डोळ्यांत हिणवणं नव्हतं, नुसती भीती होती. सत्यभामा खाली बसली आणि तिनं पदर गालावरून खाली घेतला. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच.

मग ती सांगू लागली. जखम आधी अशीच बारकी होती. जाईल आपोआप, म्हणून दिवस गेले. पुढं तोंड उघडेना झालं, तेव्हा तात्याबानं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि तिला लातूरला नेलं. नाकातल्या नळीतून दूध, डाळीचं पाणी. घरी आल्यावर बारकी नात धनश्री तिला बघून रडली, आईच्या मागं लपली. पुढं तीच पोर तिच्या कुशीत येऊन झोपायला लागली. लाळ गळून लुगडं भिजायचं, त्याची लाज वाटायची. एखादा शब्द नीट उमटला नाही की सत्यभामा थांबायची, पुन्हा म्हणायची. विमलबाई ऐकत होत्या.

मग त्यांनी हळूच विचारलं, “आन् तुजे मालक? ते जवळ बसायचे का गं?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“पयल्यांदा मीच बसू दिलं न्हाई,” सत्यभामा म्हणाली. “सगळं सांडायचं, म्हनून भिताडाकडं तोंड करून एकलीच जेवायची मी. एक दिवस हे ताट घेऊन आले आन् माज्या शेजारी तसंच भिताडाकडं तोंड करून बसले. दुधात कुस्करलेली तीच भाकर खाऊ लागले. दात धड हायेत त्यांचे. म्हनलं, तुमी कावून असं खाता? तर म्हनले, मला बी आवडती.”

विमलबाई पदरात तोंड घालून रडल्या. सत्यभामेनं त्यांना रडू दिलं. मग त्या बोलू लागल्या. आल्यागेल्याचं मीच बघावं असा यांचा आग्रह असतो; चेहरा असा झाला तर मागच्या खोलीत पडून राहावं लागेल, हेच रोज डोक्यात येतं. नवऱ्याला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

“तू बस इथंच. मी बोलावते त्यांना,” त्या म्हणाल्या.

मोहनराव आत आले. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं. बाहेर जाऊन त्यांनी बसलेल्या मंडळींना निरोप दिला आणि गाडी काढली. विमलबाईंनी सत्यभामेलाही सोबत घेतलं. वाटभर तिचा हात त्यांनी सोडला नाही.

तपासणीत कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा. गालाच्या आतला थोडा भाग काढावा लागला, जबडा राहिला.

कळप पुढच्या रानात हलायच्या आधी विमलबाई दवाखान्यातून घरी आल्या. सत्यभामा भेटायला गेली. गाल सुजलेला, बोलणं जड, पण विमलबाईंना सगळं सांगायचं होतं. भुलीचं इंजेक्शन, टाक्यांची ओढ, औषधांचा वास, आणि चमच्यानं पेज भरवताना मोहनरावांनी स्वतःच्याच धोतरावर कशी सांडली ते. यातलं बरंचसं सत्यभामेनं भोगलेलं होतं. तरी ती मांडी घालून बसली आणि मध्ये कुठंही न तोडता तिनं सगळं ऐकून घेतलं.