विशाखाच्या भिंतीतला तडा

श्रावणात आलेल्या एका पत्राला मी मार्गशीर्ष लागला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शिरूर अनंतपाळच्या विशाखाचं, सातवीतल्या मुलीचं. तिच्या शाळेत मी भूकंपावर बोलून आलो होतो. माझ्यासारख्या निवृत्त भूगोल शिक्षकाला कुणी बोलावतं हेच विशेष. त्यातही मी बराच वेळ फळ्याकडे तोंड करूनच बोललो.

तिनं लिहिलं होतं, "सर, खडकाला भेग पडून दोन्ही बाजू सरकल्या की त्याला प्रस्तरभंग म्हणतात, हे मी घरी सांगितलं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा आहे. तेव्हापासून सरजाआजी अंगणात पत्र्याखाली झोपते. तिनं त्र्याण्णवचा भूकंप बघितलाय. जमीन हलली की कळावं म्हणून उशाशी चार तांबे एकावर एक रचते. ते मांजर पाडतं, मग सगळी गल्ली बाहेर पळते. आता लोक मांजरालाच प्रस्तरभंग म्हणतात. सर, आजीनं घरात यावं का? थंडीच्या आत सांगा. ती फक्त तुमचं ऐकेल."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा हात थांबला. घरात या म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी हादरा बसला तर? म्हणून मी पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली. नऊ पानं झाली तरी पृथ्वी थंड व्हायची होती.

माझी बायको कस्तुराबाई हिनं पानं चाळली. "ह्यात शिरूर अजून आलंच न्हाई की ओ."

"पुढं येतं."

"तवर म्हातारी गारठून जाईल. मला सांगा बरं. मला कळलं तर तिला कळंल."

मी परसातून दोन विटा आणल्या. ओट्यावर कडेला कड लावून ठेवल्या, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. "हा जमिनीखालचा खडक. एक बाजू पुढं ढकलली जाते, पण खरबरीत कडा एकमेकींना धरून ठेवतात. ताण साठतो." मी एक वीट दुसरीवर दाबून ढकलली. काही झालं नाही. "साठतोय," मी म्हणालो.

"दिसून राहिलं," ती म्हणाली.

मी सगळा जोर लावला. वीट सटकली, डबा उडाला, चटणी चष्म्यापर्यंत आली.

"हा भूकंप," मी चष्मा पुसत म्हणालो.

"मग तिच्या भिंतीतला तडा कुठं हाय ह्यात?"

"ह्यात नाहीच. लातूरकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. भिंतींना तडे जातातच."

"मग हेच लिहा की."

"आणि भूकंप कधी येणार, असं विचारलं तर?"

"ठाऊक हाय का?"

"कुणालाच नाही."

"मग तसं लिहा. पस्तीस वर्षं पोरांकडून 'न्हाई येत सर' ऐकलंत. एकदा तुमी म्हणा."

मी लिहिलं, "विशाखा, भिंतीतला तडा म्हणजे प्रस्तरभंग नव्हे. प्रस्तरभंग खालच्या खडकात असतो. तिथं साठलेला ताण सुटला की जमीन हादरते. तुमचा तडा बहुधा मातीमुळे पडला असेल. तरी इंजिनियरला भिंत दाखव. तो भक्कम म्हणाला तर आजींना घरात घे. तोवर त्यांना त्या भिंतीपासून लांबच्या खोलीत झोपव. भूकंप कधी येईल ते मला माहीत नाही. उशिराबद्दल माफ कर."

आमच्या बिलोलीच्या पोस्टासमोर मला पाकीट फोडून 'बहुधा' पुन्हा तपासावंसं वाटलं. कस्तुराबाईनं ते माझ्या हातातून घेतलं आणि पेटीत टाकलं.