त्रास कुणाला झाला?

सगुणाबाईंनी पुस्तक लिहिलंय, हे पोखर्णीत आधी कुणाला खरंच वाटेना. गावाला त्या ठाऊक होत्या नर्सबाई म्हणून. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की पदर खोचून, पेटी उचलून निघणाऱ्या. पण बाळंतपणं करता करता जे जे पाहिलं ते त्यांनी कागदावर उतरवलं होतं, आणि परभणीचे प्रकाशक दत्तराव ते छापायला तयार झाले होते.

दत्तरावांचं प्रकाशन छोटंसं. पण त्या साली, म्हणजे त्र्याण्णव साली, त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. त्यात शुद्धलेखन तपासायची सोय होती. त्याच्या शब्दकोशात नसलेला शब्द आला की पडद्यावर खूण उमटायची आणि त्याच्या जवळचा दुसरा शब्द सुचवला जायचा. एक बटण दाबलं की सगळ्या पुस्तकभर बदल! "आता संपादकाच्या हातापाया पडायला नको," असं दत्तराव भेटेल त्याला सांगत होते.

तपासलेली पानं हातात आली तेव्हा सगुणाबाई हरखून गेल्या. आपलं वाकडंतिकडं अक्षर जाऊन कशी देखणी ओळ बसलीय! पहिलं प्रकरण पंचफुलाच्या बाळंतपणाचं. वाचता वाचता त्या थबकल्या. पंचफुलाची पंचकुला झाली होती. पुढं तीच पंचकुला कळा देत म्हणत होती, "बाई, मरत आहे मी, नाही होत आता." पंचफुला असं म्हणाली नव्हती. "बाई, मरायलेय मी, न्हाई व्हायलं आता," असं म्हणाली होती. पानामागून पान उलटलं. गावोगावच्या सगळ्या बाया रेडिओवर बातम्या सांगाव्यात तशा विव्हळत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या तडक परभणीला गेल्या.

"अहो बाई, पण चुकाही काढल्यात ना कॉम्प्युटरनं?" दत्तराव ओशाळून म्हणाले. "परिस्थिती हा शब्द तुम्ही एकदाही बरोबर लिहिलेला नाही. एक परिच्छेद तर दोनदा आलाय, खुणा बघता बघता तोही सापडला."

ते खरंच होतं.

कोपऱ्यात दिनकरराव बसले होते. दत्तरावांची पुस्तकं इतकी वर्षं तेच संपादित करत. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांच्याकडं मुखपृष्ठावरची नावं तपासण्यापुरतं काम उरलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमचे मूळ कागद आहेत का? द्या माझ्याकडं. वाचून होताच पोखर्णीला येतो."

"दिनकरराव, फुकट वेळ जाईल," दत्तराव म्हणाले.

"जाऊ द्या. सध्या तोच भरपूर आहे."

आठवड्यानं ते एसटीनं आले. आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर चहा झाला आणि त्यांनी पिशवीतून कागद काढले. बायांची नावं, त्यांच्या तोंडचे शब्द, सगळं जिथल्या तिथं परत बसवलं होतं. सगुणाबाईंचा चेहरा खुलला. पण तो आनंद फार वेळ टिकला नाही.

"सरकारी योजनांचं हे प्रकरण काढून टाका," दिनकरराव म्हणाले.

"का? लय मेहनत घेतलीय मी त्याच्यावर."

"दिसतेय. पण हा अहवाल झालाय, बाई. वाचणारा इथंच पुस्तक मिटेल."

त्या मनातून चिडल्याच. दिनकररावांनी आणखी एक पान पुढं केलं आणि एका ओळीखाली बोट धरलं. अठ्ठ्याहत्तर सालची हकिगत होती. 'त्या साली विद्यापीठाच्या नावावरून गावात त्रास झाला. सकाळी मनकर्णाबाईला मुलगी झाली.'

"यंत्रानं इथं काहीच खूण केली नाही," दिनकरराव म्हणाले. "वाक्यात चूक नाहीच. पण मला कळेना. त्रास कुणाला झाला?"

"ठाऊक न्हाई का तुम्हाला?"

"मला ठाऊक आहे. पुस्तकात नाही."

"सर, तुम्ही शब्द बघा. बाकीचं कशाला उकरता?"

दिनकररावांनी पान खाली ठेवलं. "नाही लिहायचं तर नका लिहू. तो तुमचा हक्क आहे. मग ती ओळच काढू. पण अशी अर्धी ठेवू नका."

सगुणाबाई उठून आत गेल्या. कपाटातल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडं केल्या. बाहेर आल्या तेव्हा दिनकरराव तसेच बसले होते. मग उभ्या उभ्याच त्या बोलायला लागल्या.

तेव्हा त्या दुसऱ्या गावी नेमणुकीवर होत्या, बौद्धवस्तीत राहत होत्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला विरोध करणारा जमाव आला, घरं पेटली. वस्तीतली माणसं ज्वारीत लपली, त्याही लपल्या. उजाडल्यावर बांधावरून कुणीतरी हाका मारायला लागलं. मनकर्णेची सासू होती, जमाव ज्या आळीतून आला तिथलीच. सून अडली होती. "मला वाटलं, जाऊ नये," सगुणाबाई म्हणाल्या. "मग तिच्या कळा आठवल्या. गेले. साडीला धुराचा वास येत होता. त्याच वासात पोरीला पुसलं मी."

दिनकररावांनी काही लिहून घेतलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "हे असंच लिहा. आणि छापायच्या आधी मनकर्णाबाईंना विचारून या. गोष्ट त्यांचीही आहे."

प्रकरण लिहून झाल्यावर सगुणाबाई त्या गावी गेल्या. मनकर्णेनं त्यांना घरात नेलं, दार लोटलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"नर्सबाई, माझा दीर होता त्या जमावात. मला तवाच ठाऊक होतं. तुमचा हात धरून कळा द्यायलते, पर बोलले न्हाई."

"नाव घालू का तुझं?"

"घाला. दिराचं काय करायचं ते तुमी ठरवा."

सगुणाबाईंनी ठरवलं. नाव न देता 'तिचा दीर' एवढंच लिहिलं. दिनकररावांनी त्या प्रकरणात हात फारसा घातला नाही. 'धूर' शब्द सारखा येतो, दोन ठिकाणचा काढू, असं मात्र म्हणाले. सगुणाबाईंनी एका ठिकाणचा काढला, दुसऱ्यासाठी भांडल्या आणि तो ठेवून घेतला.

छापायच्या आधी दिनकरराव स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. कुठं बदल करायचा आणि कुठं नाही, ते एकेक खूण पाहून सांगत गेले. दत्तराव शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "पुढच्या पुस्तकालाही असंच बसा राव माझ्या शेजारी. मला एकट्याला नाही जमायचं हे."

जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीवस्तीत साखर वाटली गेली. मार्चमध्ये पुस्तक आलं. परभणीजवळच्या पिंगळीच्या शाळेत छोटासा कार्यक्रम ठेवला होता. सगुणाबाईंच्या बाळंतिणी लेकरांना घेऊन आल्या, आणि शेवटच्या रांगेत मनकर्णा लेकीला घेऊन बसली. लेक दहावीला होती.

कार्यक्रम संपल्यावर पोरीनं तिथंच पुस्तक उघडलं. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"आई, हे आपल्या घरात झालं?"

"झालं," मनकर्णा म्हणाली.

पोरीनं सगुणाबाईंकडं पाहिलं, मग पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. बाहेर गाडीवाला घाई करत होता. मनकर्णेनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं. सगुणाबाईंनी एक खुर्ची ओढून पोरीजवळ ठेवली आणि पोरगी बसून निवांत वाचायला लागली.