देश क्रमांक सातची दुरुस्ती

शनिवारी सकाळी साडेनऊला शाळेच्या सभागृहात चोवीस देश जमले, तेव्हा देश क्रमांक सातच्या प्रतिनिधीने आपल्या आईला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. मुदत संध्याकाळी सहाची होती.

आई रुग्णालयात सोळा वर्षं नर्स होती, पहिली दोन सोडली तर सगळी जनरल वॉर्डात. परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला अतिदक्षता विभागासाठी निवडलं होतं. करार तीन वर्षांचा. त्यासाठी परक्या भाषेची परीक्षा ती एक्केचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या खेपेला, पास झाली होती. घरात दोघीच. आई गेली तर मावशी राहायला येणार, इतकं ठरलेलं होतं. बारा दिवसांपूर्वी भांडी विसळता विसळता आई म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण शनिवारी सहाच्या आत सांग, एजन्सीला कळवायचंय."

"सांगते," मुलगी म्हणाली. नंतरचे बाराही दिवस ती एवढंच म्हणत राहिली.

आंतरराष्ट्रीय सभेचा हा उपक्रम इतिहासाच्या सरांचा. मागच्या वर्षी त्यांनी देशांची खरी नावं वापरली होती. मधल्या सुट्टीत दोन देशांत हाणामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांचे पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिले. म्हणून यंदा नुसते क्रमांक. प्रत्येकाला एक पत्रक मिळालं होतं, त्यात देशाची लोकसंख्या, गरजा आणि भूमिका. नियम दोनच. 'मी' म्हणायचं नाही, 'माझा देश' म्हणायचं. आणि मत द्यायचं ते पत्रकातल्या देशाचं. "स्वतःचं मत घरी ठेवून या," असं सर तीनदा बजावून गेले होते.

विषय चिठ्ठी टाकून निघाला होता: गरीब देशांतून श्रीमंत देशांत जाणाऱ्या परिचारिका. देश क्रमांक सात श्रीमंत, थंड आणि म्हातारा होता. दर तीन माणसांत एक साठीच्या पुढचा. त्याला नर्स हव्याच होत्या, जितक्या मिळतील तितक्या.

मुलीने वर्गात आईबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळपासून तिचा एक पाय बाकाखाली सारखा हलत होता. पुढच्या बाकावरच्या देश क्रमांक चारने दोनदा मागे वळून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "भूकंप तुझ्याकडे आहे का माझ्याकडे?"

भाषण तिने चांगलं केलं. नर्स स्वतःच्या मर्जीने येतात, त्यांना शिकायला मिळतं, मानाने वागवलं जातं, असं ती घड्याळ बघत तीन मिनिटं बोलली. मग प्रश्नासाठी देश क्रमांक अठराने पाटी वर केली. ही तिची मैत्रीण. परीक्षेच्या प्रत्येक गुणासाठी शिक्षकांकडे अपील करायची म्हणून सगळे तिला वकील म्हणत.

"सात नंबरला विचारायचंय," वकील म्हणाली. "तुमच्याकडे एक नर्स येते तेव्हा आमच्याकडे तिच्या घरी कोण उरतं, याची काही नोंद ठेवता का?"

पत्रकात उत्तर छापलेलं होतं: तो त्या त्या देशाचा अंतर्गत प्रश्न. मुलीने ते शोधलं, मनातच वाचलं, पत्रक मिटलं आणि खाली बसली. सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली.

अकराला वीस मिनिटांची अनौपचारिक चर्चा होती. म्हणजे देश व्हरांड्यात फिरून एकमेकांची मतं फोडतात. वकील पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. तिचा ठराव भरती कमी करण्याचा होता, हाताशी नऊ मतं आणि लागत होती तेरा.

"मी देते मतं मिळवून," मुलगी म्हणाली. "एक दुरुस्ती घाल. अठरा वर्षांखालचं मूल असलेल्या आईला कुठल्याही देशाने भरती करायचं नाही."

वकिलाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तुला चालेल हे?"

"चालेल."

"अगं, तू घेणारा देश आहेस! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला एवढ्या लांब चालत आलीस?"

"लिही तू."

"लिहिते. पण मग मागे फिरायचं नाही हं. नंतर रडलीस तर मी ओळख दाखवणार नाही."

पुढची पंधरा मिनिटं मुलगी एका जागी थांबली नाही. देश क्रमांक दोनला तिने जिन्यात गाठलं, नऊ आणि अकराला खिडकीशी. देश क्रमांक चारला मुळात दुरुस्ती वाचायची नव्हती. "डबा खातोय, दिसत नाही का?" म्हणत त्याने होकार देऊन टाकला. एवढं कशाला जिवाला लावून घेतेस, असं विचारणाऱ्या बावीस नंबरला ती म्हणाली, "तुला काय करायचंय? हात वर कर."

ठराव दुरुस्तीसकट मंजूर झाला. सतरा विरुद्ध पाच, दोन तटस्थ. वकिलाने पाटी डोक्यावर नाचवली. मुलीलाही हसू आलं, पण पाय हलायचा थांबला नाही. बाहेर पडताना सरांनी प्रत्येकाला मूल्यमापनाचा कागद दिला. तिने तो न वाचताच ठरावाच्या प्रतीत घडी करून ठेवला.

घरी आली तेव्हा आई नुकतीच ड्युटीवरून येऊन कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काय गं, कोण जिंकलं?"

"ठराव झाला."

"कशाचा?"

मुलीने दप्तरातून कागद काढले. आईने हात पुढे केला, तिने कागद दिले. आई कुठलाही कागद वॉर्डातल्या केसपेपरसारखा वाचायची, हातात पेन घेऊन, एकेका ओळीखालून टोक फिरवत. पेन तिसऱ्या कलमापाशी, त्या दुरुस्तीपाशी, थांबलं.

"हे कुणी घातलं?"

"सभेने."

आईने दुसरा कागद उलगडला. सरांचं अक्षर वाचायला सोपं होतं. तिने मोठ्याने वाचलं, "'वक्तृत्व उत्तम. परंतु प्रतिनिधीने स्वतः दुरुस्ती सुचवून आपल्याच देशाच्या हिताविरुद्ध मतं जमवली. कारण समजले नाही.'"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मुलगी उठून तो घट्ट करून आली.

"तुझ्या सरांना कारण समजलं नाही," आई म्हणाली. "मला समजलं. मी बारा दिवस वाट बघतेय, आणि तू सतरा देशांना सांगून आलीस."

"ते माझं मत नव्हतं. देशाचं..."

"देशाचं नव्हतं. हे काय, लिहिलंय इथे."

"मग तू मला विचारलंसच का?" मुलीचा आवाज एकदम चढला. "मी हो म्हटलं तर मी तुला घालवलं. नको म्हटलं तर मी तुला अडवलं. तू मोठी आहेस ना? आई तू आहेस का मी?"

आईने पेनाला टोपण लावलं.

"मला वाटलं होतं, तू नको म्हणशील," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. म्हणजे मला सगळ्यांना सांगता आलं असतं, काय करणार, पोरगी सोडत नाही."

"म्हणजे जायचंच नव्हतं?"

"जायचं होतं गं. भीती वाटते. व्हेंटिलेटरवरचा पेशंट मी एकटीने शेवटचा सांभाळला तेव्हा तू रांगत होतीस. तिथे पंचविशीतल्या पोरी मला शिकवणार. आणि भाषा... परीक्षेत पास होणं वेगळं."

मुलगी खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. आईने बस म्हणून दोनदा सांगितलं.

"जायचंय का, एवढंच सांग."

"जायचंय."

"मग जा. मला आवडणार नाही. अजिबात नाही. तेही लक्षात ठेव. पण माझं नाव पुढे करायचं नाही, जाण्यासाठीही नाही आणि न जाण्यासाठीही नाही."

आईने पाय पुसले. पेनाने तिसऱ्या कलमावर एक आडवी रेघ मारली, वॉर्डात बंद केलेल्या औषधावर मारतात तशी, आणि एजन्सीला फोन लावला. साडेचार वाजत आले होते.

"नमस्कार, होकार कळवायला फोन केलाय. हो, येतेय मी." तिचा आवाज पहिल्या वाक्यात कापला, दुसऱ्यात नाही.

मुलीने मूल्यमापनाचा कागद उलटा केला, त्यावर काहीतरी लिहून आईपुढे सरकवला. आईने वाचलं.

"एक विचारायचं होतं. वर्षातून सलग रजा किती मिळते? आणि ती करारात लिहिलेली आहे का?" ती ऐकत राहिली. "नाही, असं तोंडी नको. कलम सांगा... हो, आधी नव्हतं विचारलं. आता माझी मुलगी विचारतेय." पलीकडून काही बोलणं झालं. आईने फोनवर तळहात ठेवला. "कागद शोधतोय. थांबा म्हणाला."

"शोधू दे," मुलगी म्हणाली आणि उभ्या उभ्याच पुढचा प्रश्न लिहायला लागली.