क्लोराइड दोन

सासूबाईंना सगळी गल्ली 'मॅडम' म्हणायची. उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. व्यायामाने हात जरा हलू लागला, पण शब्द काही फुटेना.

"त्यांना कळतं सगळं," डॉक्टर म्हणाले. "फक्त शब्द सापडत नाहीत. बोलत राहा त्यांच्याशी."

सुनेची पंचाईत झाली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि खात्याची परीक्षा डोक्यावर आली होती. 'ये, शिकवते' असं मॅडम पूर्वी म्हणाल्या होत्या, पण आधीच सासू, त्यात मास्तरीण, म्हणून तिने ते गोड बोलून टाळलं होतं. आता बोलायचं तरी काय? हवापाणी सांगून झालं की मॅडम भिंतीकडे तोंड करायच्या.

शेवटी तिने पुस्तकच पलंगाशी आणलं. मोठ्याने गणितं सोडवायची. अभ्यासही होईल आणि बोलणंही.

"दोनशे मिली मिठाचं द्रावण, ०.१ मोलर," एका दुपारी ती वाचू लागली. "त्यात तीनशे मिली कॅल्शियम क्लोराइडचं, ०.२ मोलर. क्लोराइड आयन किती मोलर? मिठातून ०.०२ मोल आले. दुसऱ्यातून ०.०६. झाले ०.०८. मिसळून अर्धा लिटर, म्हणजे उत्तर ०.१६."

मॅडमनी डावा हात गादीवर आपटला.

"पाणी देऊ? कूस बदलायची?"

पुन्हा हात आपटला. चेहरा लालबुंद झाला होता.

"गणित चुकलंय?"

मान होकारार्थी हलली.

"पण दोन्हींचं पाणी एकत्र धरलंय की मी!"

मॅडमचे ओठ वाकडेतिकडे होऊ लागले. "द... द..."

"दवाखाना?" सून घाबरून फोनकडे धावणार, तोच मॅडमनी तिची बाही घट्ट पकडली.

"दोन!"

खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज.

सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला. एका कॅल्शियममागे क्लोराइड दोन! म्हणजे ०.०६ नव्हे, ०.१२. मिठाचे ०.०२ मिळवून ०.१४, अर्ध्या लिटरमध्ये, म्हणून ०.२८.

तिला रडू आवरेना. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांनी बोटाने पुढचं गणित दाखवलं.

संध्याकाळी बातमी ऐकून मॅडमचा मुलगा धावतपळत घरी आला. "आई, मला हाक मार ना."

"दोन," मॅडम म्हणाल्या.

"अगं, मी तर एकुलता एक आहे!"

यावर मॅडम हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या.

त्यानंतर रोज दुपारी वर्ग भरू लागला. आधी आकडे आले, मग 'चूक', 'बरोबर', आणि मुलाच्या नावाच्याही आधी 'गाढव'. सूनही पूर्वीसारखी मनाला लावून घेईना. वेड्यासारखं उत्तर चुकलं की आधी आपणच 'गाढव' म्हणून मोकळी व्हायची.

परीक्षेत ती पास झाली. पहिली वगैरे नाही, मधल्या गर्दीतच. मॅडमचं बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. तीन शब्दांचं वाक्य म्हणजे मोठी मजल. पण निकालाच्या दिवशी त्यांनी प्रश्नपत्रिका मागून घेतली, चष्मा लावला, आणि सुनेला शेजारी बसवून तिने काय लिहिलं होतं ते पहिल्या प्रश्नापासून तपासायला घेतलं.