फादरांनी न बदललेले पाणी

चर्चमागच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली पालथे घातलेले तांब्याचे जुने घंगाळ तुम्ही पाहिलेत का, मित्रांनो? तेच मी.

एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि लेक दुखण्यातून उठली म्हणून चर्चला देऊन टाकले. माझे काम वर्षातून एकदाच. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय माझ्यात धुवायचे. ही माणसे घरूनच पाय घासूनपुसून यायची. कुणाच्या पायांना तर अत्तराचा वास! पाणी शेवटपर्यंत नितळ राहायचे, लोक माझ्या झळाळीचे कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचे.

एके वर्षी त्या बारा जणांतले एक आजोबा आजारी पडले. फादरांनी मागच्या बाकावरच्या एका बाईला बोलावले. ती कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिला खुर्ची मिळाली ती नेमकी कारखान्याच्या मालकाशेजारी.

“फादर, माझे पाय राहू द्या,” ती हळूच म्हणाली.

बाई लाजते आहे असे वाटून फादर हसले. त्यांनी स्वतःच तिचे बूट काढले. मोजा कातडीला चिकटला होता. तो सुटताना तिने ओठ दाताखाली धरला.

मित्रांनो, तळव्यांची साले निघाली होती. दोन बोटांना नखेच नव्हती. पाणी पडले आणि माझ्यात लाल धार उतरली. मी धातूचे, तरी शहारले.

फादरांनी विचारले तेव्हा तिने सांगितले की दिवसभर हौदातल्या रसायनाच्या पाण्यात उभे राहावे लागते, आणि रबरी बूट मागितले तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतात.

“हे नंतर बोलू, फादर. लोक खोळंबलेत,” मालक म्हणाले.

फादरांनी तिचे पाय हलकेच टिपून टॉवेलात गुंडाळले. मग मला उचलून मालकांसमोर ठेवले. मालकांनी झटकन पाय वर घेतले.

“आधी पाणी तर बदला.”

“नाही बदलणार,” फादर म्हणाले. “हे तुमच्याच कारखान्यातलं आहे.”

मालक उठले आणि बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फादर आणि निम्मे चर्च कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पुढे कामगारांना बूट मिळाले. तिच्या पायाचे एक बोट मात्र डॉक्टरांना वाचवता आले नाही. मला पाहिले की लोकांना ते पाणी आठवायचे, म्हणून माझ्या जागी स्टीलचे नवे भांडे आले.

अडगळीत पडल्याचे मला दुःख नाही. मी अजून हादरलेले आहे ते वेगळ्याच गोष्टीने. त्याआधीही ती दर रविवारी याच चर्चमध्ये, पाय ओढत येत होती. समोर वेदीपाशी पीडितांसाठी मोठ्याने प्रार्थना चालायची, आणि मागच्या बाकावरून तीही ‘आमेन’ म्हणायची.

मला घासायला कुणी आले नाही तरी चालेल, मित्रांनो. पण कुणी लंगडताना दिसले, तर थांबून विचारा. देव केव्हाचा त्यांच्या पायाशी बसलेला असतो. उशीर आपल्यालाच होतो.