बत्तीस मिनिटं

"काकू, हे मधले थांबे काढून टाका बघू. चाचणी संपता संपत नाहीये," साहेब माझ्या खुर्चीमागून म्हणाले. वयाने माझ्या मुलाएवढे, पण साहेब ते साहेब.

हॉस्पिटलची अपॉइंटमेंट देणारी वेबसाइट सोमवारी नव्या सर्व्हरवर जायची होती. त्याला गर्दी झेपेल का, हे बघणं माझं काम. त्यासाठी मी रजेवर असताना ऑफिसातल्या पोरांनी जुन्या वेबसाइटवरचा एक अख्खा दिवस नोंदवून ठेवला होता. कुणी कुठलं बटण कधी दाबलं, मध्ये किती थांबलं, सगळं. नावं तेवढी पुसलेली. तीच गर्दी नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी सोडायची.

थांबे काढले की सर्व्हर झकास पास. ठेवले की बाराच्या सुमारास मान टाकायचा. थांबलेली माणसं जागा धरून बसतात आणि नव्यांना आत शिरता येत नाही.

"माणसं थांबणारच ना, साहेब. चष्मा शोधतात, फाइल शोधतात."

"पाच मिनिटं समजू शकतो हो! हे बघा, 'अपॉइंटमेंट रद्द करा' या पानावर बत्तीस मिनिटं! एका बटणासाठी? झोप लागली असेल बाबाला. असल्या कचऱ्यापायी सोमवार पुढे ढकलू? वर काय तोंड दाखवू मी?"

मी तारीख बघितली, वेळ बघितली. अकरा वाजून आठ मिनिटं. नोंदीतल्या इतक्या हजार ओळींत आपणही असू, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"झोप नव्हती लागली. ती मी आहे."

साहेबांना कळेचना.

"ह्यांना जाऊन चार दिवस झाले होते. पुढच्या आठवड्यात तपासणी होती त्यांची. रद्द करायला म्हणून पान उघडलं आणि हातच चालेना." ऑफिसात रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण कसलं काय!

साहेब खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "थांबे राहू देत. वरच्यांशी मी बोलतो. पुन्हा चालवा."

चाचणी सुरू केली. माझी ओळ आली आणि थांबली. साहेब उठले नाहीत. बत्तीस मिनिटं आम्ही दोघं तसेच बसलो. मग कुणी हात न लावता बटण दाबलं गेलं. अपॉइंटमेंट रद्द झाली.

त्या दिवशी मी लगेच लॅपटॉप मिटला होता, त्यामुळे पुढचं मला ठाऊकच नव्हतं. मिनिटभरात ह्यांची वेळ दुसऱ्या कुणीतरी घेतली होती.