तिसऱ्या चाकाचे राहिलेले ठोके

मित्रांनो, माझ्या चेपलेल्या डोक्याकडे बघून हसू नका. मी तांब्याचा हातोडा आहे. ज्या कामापायी माझं डोकं असं झालं, त्याच कामासाठी मला घडवलं होतं.

दोन महायुद्धांच्या मधली गोष्ट. जर्मनीतल्या डोंगररस्त्यांवर तेव्हा मोटारींच्या मोठ्या शर्यती होत. चाकाच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असे. गाडी थांबली रे थांबली की त्या कानांवर ठोके मारून चाक काढायचं, नवं चढवायचं, पुन्हा ठोकून घट्ट करायचं. लोखंडी हातोड्यानं कान मोडले असते. तांबं मऊ, म्हणून घाव मी खायचो आणि नट शाबूत राहायचा. गाडी जिंकली की हार चालकाच्या गळ्यात पडे. एखादा कारागीर मला थोपटून खोक्यात ठेवायचा, तेवढ्यावर माझं भागे.

मग युद्ध आलं. शर्यती बंद पडल्या. मी कुणाच्या तरी तळघरात कोळसा फोडत राहिलो, पुढे तेही काम गेलं. किती वर्षं गंजक्या खिळ्यांत पडून होतो, मलाच आठवत नाही.

अलीकडे ब्योब्लिंगेन शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबानं मला उचलून आणलं. तिथल्या रुपेश नावाच्या मराठी इंजिनिअरनं शनिवार-रविवार खपून एक जुनी शर्यतीची गाडी उभी केली होती. मेळाव्यात ती टेकडीवरून एक फेरी मारणार होती. चालवणार तोच.

त्या रविवारी त्यानं दोन चाकं ठोकली. तिसऱ्यावर दोनच ठोके पडले आणि फोन वाजला. भारतातून आई! मला गवतात टाकून तो बोलू लागला.

"हो आई, जेवलो. नाही गं, कसली शर्यत! नुसती एक फेरी."

फोन ठेवून त्यानं मला उचललं, आणि थेट चौथ्या चाकाकडे गेला.

मित्रांनो, नट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. तिसऱ्याचा बदलला नव्हता. मला ओरडता आलं असतं तर!

कडेवर लेक घेऊन उभी असलेली त्याची बायको उल्का पुढे आली. "रुपेश, ते चाक राहिलंय."

"अगं झालंय सगळं. तुला घरातला गॅससुद्धा तीनदा बघायचा असतो."

"असेल. तू फोन घेतलास तेव्हा हातोडा खाली होता. मी बघत होते."

"उल्का, लोक थांबलेत."

"थांबू देत. ठोक आधी."

"पापा, नोख माल!" 'पुन्हा एकदा', असं जर्मनमध्ये म्हणत कडेवरच्या चिमुकल्या उर्जानं टाळ्या पिटल्या.

रुपेशनं चिडूनच मला नटावर हाणलं. नट फिरला. पुन्हा हाणलं, पुन्हा फिरला. त्याचा चेहरा उतरला. मग तो जपून ठोकत राहिला, आवाज बदलेपर्यंत. नंतर कुणी न सांगता त्यानं उरलेली तिन्ही चाकंही तपासली.

मला उल्काच्या हाती देऊन तो गाडीत बसला. गाडी वळणाआड जाऊन परत येईपर्यंत उल्कानं मला घट्ट धरून ठेवलं होतं.

मित्रांनो, मी आता दमलोय. एवढंच मागतो: हातातलं काम अर्धं टाकून उठलात, तर परत तिथूनच सुरू करा. आणि घरात कुणी सारखं "नीट बघितलंस ना?" विचारत असेल, तर चिडू नका. जाऊन एकदा बघून या.

हल्ली मी खिळ्यांत नसतो. फेरीनंतर रुपेशनं मला पुसलं, आणि उल्कानं उर्जाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून ठेवलं. मऊ आहे ते. माझ्यासारखंच.